पहिलाच अर्ज आहे: फाउंडेशनच्या ग्रँटसाठी कागदपत्रं, बजेट आणि रक्कम कशी ठरवायची? (नागपूर)

अभ्यासिका_आशीनगर

नमस्कार मंडळी. आशीनगर झोनमधल्या एका वस्तीत आमची संस्था तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि लहानसं वाचनालय चालवते. शेजारच्या दोन वस्त्यांत तशाच आणखी दोन अभ्यासिका काढायच्या आहेत, प्रत्येकी ३० मुलं. नोंदणी २०१८ ची, सोसायटी आणि सार्वजनिक न्यास दोन्ही. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातली सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे. सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची नोंदणी) केलेलं नाही, एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची नोंदणी) नाही. वर्षाचा खर्च सुमारे ७ लाख, सगळा लोकवर्गणीचा. तीन वर्षांचं ऑडिट झालेलं आहे.

आता पहिल्यांदाच दोन-तीन फाउंडेशनकडे अर्ज टाकायचा आहे आणि सल्ले अगदी उलटसुलट मिळताहेत. एक जण सांगतात, २० लाख मागा म्हणजे १० तरी मिळतील. दुसरे म्हणतात, पगार दाखवूच नका, मानधनाला कोणी पैसा देत नाही. एका एजंटाने २५,००० रुपये ‘फाइल चार्ज’ आणि मंजूर रकमेवर १० टक्के सांगितले.

कोणती कागदपत्रं आधी नीट करायची, रक्कम कशी ठरवायची आणि दोन पानी कन्सेप्ट नोटमध्ये (प्रस्तावाच्या थोडक्यात मांडणीत) नेमकं काय लिहायचं, एवढं सांगा. आकडे घालून सांगितलं तर फार बरं होईल.

एफ_नंबर

ताई, अर्ज लिहायला बसायच्या आधी एक काम करा. टेबलावर सहा कागद शेजारी-शेजारी मांडा: सोसायटीचं प्रमाणपत्र, धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए, ८०जी आणि बँकेचा रद्द केलेला चेक. सहाही कागदांवरचं संस्थेचं नाव अक्षर न् अक्षर लावून वाचा. आपल्या विदर्भात कितीतरी संस्थांच्या नावात ‘बहुउद्देशीय’ असते, आणि इंग्रजीत तो शब्द प्रत्येक टायपिस्टने आपल्या मनाने लिहिलेला राहते. पॅनवर ‘यू’ एकदा, बँकेत दोनदा, १२ए वर मध्येच जोडरेघ. आपल्याला ती एकच संस्था दिसते, तपासणी करणाऱ्याला तीन दिसतात. धर्मादायचं प्रमाणपत्र मराठीत असेल तर इंग्रजी स्पेलिंग कार्यकारिणीच्या ठरावाने एकदाच पक्कं करा. मग आधी पॅन, त्यानंतर बँक आणि आयकर पोर्टलचं प्रोफाइल. हा क्रम उलटा करू नका, बँक पॅन पाहूनच नाव बदलते.

दुसरं, १२ए आणि ८०जी ‘आहे’ एवढ्याने भागत नाही, ते कधीपर्यंत आहे ते पाहा. २०२१ पासूनच्या नव्या पद्धतीत जुन्या संस्थांना ५ वर्षांची नोंदणी मिळाली. प्रमाणपत्रावर ‘निर्धारण वर्ष २०२६-२७ पर्यंत’ असं लिहिलेलं असते आणि लोक समजतात की मार्च २०२७ पर्यंत चालते. निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६, मुदत ३१ मार्च २०२६ लाच संपते. नूतनीकरणाचा अर्ज (जुन्या कायद्यात फॉर्म १०एबी) मुदत संपायच्या किमान ६ महिने आधी. तात्पुरती नोंदणी असेल तर ती ३ वर्षांचीच. १ एप्रिल २०२५ नंतर अर्ज करणाऱ्या लहान संस्थांना, म्हणजे आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न ५ कोटींच्या आत असणाऱ्यांना, १२एबी (१२ए चंच नवं रूप) १० वर्षांसाठी मिळू शकते. ८०जी मात्र ५ वर्षांचंच. म्हणजे दोन प्रमाणपत्रांच्या तारखा वेगळ्या होणार. दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले आहेत. अर्जात कोणता नंबर लिहायचा ते सीएला विचारून घ्या. बोलताना लोक १२ए-८०जीच म्हणणार.

तिसरं, शेड्यूल-१ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा ताजा उतारा काढा, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. पुष्कळ संस्था निवडणूक घेतात, इतिवृत्त लिहितात आणि रिपोर्ट द्यायचा राहून जाते. मग उताऱ्यावर जुने विश्वस्त, प्रस्तावावर नव्या अध्यक्षांची सही. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून द्या, पण द्या.

चौथं, ऑडिट. सीएचा अहवाल तुमच्याजवळ असणं आणि तो धर्मादाय कार्यालयात दाखल झालेला असणं या दोन गोष्टी आहेत. वर्ष संपल्यावर ६ महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत तो दाखल व्हायला पाहिजे. दाखल केल्याची पोच तिन्ही वर्षांची काढून ठेवा. सोबत फॉर्म १०बी किंवा १०बीबी (आयकरासाठीचा ऑडिट अहवाल) आणि आयटीआर-७ (संस्थेचं आयकर रिटर्न) ची पोच. १०बीबी लहानांसाठी. उत्पन्न ५ कोटींच्या वर असेल किंवा परदेशी देणगी घेतली असेल तर १०बी. चुकीचा फॉर्म भरलेला असला तर सूट नाकारल्याची नोटीस येऊ शकते, आणि फाउंडेशनचा माणूस ते विचारतोच.

नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलची नोंदणीही करून ठेवा. खासगी फाउंडेशनला कायद्याने ती लागत नाही, तरी बहुतेक फॉर्ममध्ये रकाना असतोच.

धरमपेठ_वाचक

एजंटाचं एका वाक्यात सांगते: त्याला नमस्कार करा. अर्ज घ्यायला कोणतंही नीट फाउंडेशन पैसे मागत नाही, आणि मंजूर रकमेवरचा १० टक्के वाटा ग्रँटच्या कुठल्याच खात्यात बसत नाही. तो द्यायचा म्हटला तर खोटं बिल करावं लागतं, आणि पहिल्याच वर्षी संस्थेच्या वहीत खोटं बिल शिरलं की पुढचं सगळं नासलं. लिहायला मदत हवी असेल तर ठरलेली फी देऊन कोणाकडून भाषा तपासून घ्या, तीही संस्थेच्या स्वतःच्या पैशातून.

बर्डी_ते_पारडी

रकमेबद्दल लिहितो, कारण प्रस्ताव इथेच पडतात.

‘२० मागा, १० मिळतील’ हा बाजारातला हिशेब आहे, तो इथे चालत नाही. प्रस्ताव वाचणारा सगळ्यात आधी शेवटच्या ओळीतला आकडा मुलांच्या संख्येने भागतो. २० लाख भागिले ६० म्हणजे मुलामागे ३३,३३३ रुपये. तुमची अख्खी संस्था आज ७ लाखांत चालते, हे त्याच फाइलमधल्या ऑडिटमध्ये त्याला दिसतं. तिथेच विश्वास जातो. खालून वर चढा: एक अभ्यासिका एक महिना चालवायला काय लागतं, ते लिहा आणि गुणत जा.

दोन अभ्यासिका, ६० मुलं, १२ महिने धरून मांडणी करतो. दर तुमच्या वस्तीप्रमाणे बदला:

शिक्षिका २, रोज ४ तास, ९,००० × २ × १२ = २,१६,०००
समन्वयक १ पूर्णवेळ, १८,००० × १२ = २,१६,०००
खोलीभाडं ४,५०० × २ × १२ = १,०८,०००
वीज १,००० × २ × १२ = २४,०००
वह्या, पाट्या, कार्डं, चित्रं: मुलामागे १,२०० × ६० = ७२,०००
वाचनाची पुस्तकं १५,००० × २ = ३०,०००
सतरंज्या, फळा, कपाट १२,००० × २ = २४,०००
कूलर ८,५०० × २ = १७,०००
शिक्षिकांचं प्रशिक्षण ६ दिवस × ३,००० = १८,०००
पालकसभा वर्षाला ६, ५०० × २ × ६ = ६,०००
समन्वयकाचा प्रवास १,५०० × १२ = १८,०००
सुरुवातीची आणि शेवटची चाचणी = १२,०००

इथपर्यंत ७,६१,०००. आता जे बहुतेक जण विसरतात किंवा लाजून लिहीत नाहीत ते: अंशकालीन हिशेबनीस ५,००० × १२ = ६०,०००, ऑडिटचा वाटा १५,०००, ऑफिसभाडं आणि इंटरनेटचा वाटा २,००० × १२ = २४,०००. हे ९९,०००. एकूण ८,६०,०००. मुलामागे वर्षाला १४,३३३, महिन्याला साधारण १,२००.

आता पगाराचा मुद्दा. वर ४,३२,००० शिक्षिका आणि समन्वयकावर आहेत, म्हणजे एकूण खर्चाचा निम्मा. शिकवण्याच्या कामात तो असाच असणार, कारण शिकवते ती माणूसच. पगार लपवून ‘शैक्षणिक उपक्रम २,१६,०००’ असं लिहिलं तर पुढे उपयोगिता प्रमाणपत्राला (पैसा कशावर खर्च झाला त्याच्या दाखल्याला) बिलं कुठून आणाल? मानधनाची सही असलेली व्हाउचरं ‘उपक्रम’ या खात्यात बसत नाहीत आणि ऑडिटर तिथेच अडवतो. जे देणार आहात त्याच नावाने लिहा. ९,००० रुपयांना बाई टिकेल का, हेही स्वतःला विचारा. डिसेंबरात शिक्षिका सोडून गेली तर वर्षाचा निकाल हातचा जातो. त्यापेक्षा आत्ताच १०,५०० लिहिलेले बरे.

तुमचा स्वतःचा वाटा टक्क्यांत सांगू नका, ओळी दाखवा. समजा वीज, पुस्तकं, सतरंज्या-फळा-कपाट, कूलर आणि प्रवास संस्था करणार: २४ + ३० + २४ + १७ + १८ = १,१३,०००. मागणी ७,४७,०००. ही रक्कम तुमच्या आजच्या वर्षभराच्या खर्चापेक्षाही थोडी जास्त आहे. पहिल्या ग्रँटला याच्या वर जाऊ नका. एकाच देणगीदारावर संस्था उभी आहे असं दिसलं की पुष्कळ फाउंडेशन मागे सरतात. म्हणून फक्त एका अभ्यासिकेचं, अर्धवेळ समन्वयक धरून, दुसरं बजेटही तयार ठेवा. ‘एवढं नाही, कमी देऊ’ असं म्हटलं तर दर कापू नका, मुलं आणि जागा कमी करा.

दुसऱ्या वर्षाचा स्तंभही द्या. पुस्तकं, कूलर, सामान हा ७१,००० चा खर्च एकदाच होतो. तो वजा करून आणि पगारवाढ धरून दुसरं वर्ष किती होतं ते दिसलं की ‘नंतर काय करणार’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर कागदावरच मिळतं.

एफ_नंबर

वरच्या बजेटातला कूलर कापू नका बरं ताई. फाउंडेशनचं ऑफिस पुण्या-बंगळुरूत असते, तिथे ‘कूलर कशाला’ असा शेरा येते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत मुलं बसत नाहीत, हजेरी पडते, हे एका ओळीत टिपेत लिहा.

तसंच वेळापत्रकाचं. त्यांच्या फॉर्ममध्ये ‘प्रकल्प सुरुवात: जून’ छापलेलं राहते. आपल्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा त्याच्याही नंतर. सुरुवातीची चाचणी जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धरा, शेवटची मार्चमध्ये. एप्रिलला सकाळी ७ ते ९ वर्ग, मे महिन्यात शिक्षिकांचं प्रशिक्षण. मे-जूनमधला ‘१०० टक्के हजेरी’चा तक्ता कोणी दिला तर विदर्भ माहीत असलेला माणूस लगेच पकडते.

अभ्यासिका_आशीनगर

मनापासून आभार. नावाचं लगेच तपासलं: पॅन आणि बँकेत खरंच एका अक्षराचा फरक निघाला.

दोन शंका. नागपूर-बुटीबोरी भागातल्या कंपन्यांकडेही जायचं का? आणि कोणीतरी सांगितलं की कंपनीच्या पैशात संस्थेचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त दाखवता येत नाही. मग वरचे ९९,००० म्हणजे जवळपास साडेअकरा टक्के, ते कसं चालेल?

मिहान_मागे

५ टक्क्यांचा हा गैरसमज सगळीकडे आहे, म्हणून नीट वाचा. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक खर्च) नियमांत २०२१ पासून जी ५ टक्के मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाची आहे, म्हणजे कंपनीचा सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चाची. काम करणाऱ्या संस्थेने प्रकल्पासाठी हिशेबनीस ठेवला, ऑडिट केलं, तर तो खर्च त्या मर्यादेत येत नाही. कंपनीचं स्वतःचं धोरण वेगळं असू शकतं, काही जण १० टक्क्यांवर थांबतात, पण तो त्यांचा नियम, कायद्याचा नाही. ‘प्रशासकीय खर्च’ असं एक ढोबळ खातं करण्यापेक्षा हिशेबनीस, ऑडिट, भाडं अशा वेगळ्या ओळी लिहा आणि वाटा कसा काढला ते सांगा: ‘ऑफिस तीन कामांना वापरतो, भाडं ६,०००, या प्रकल्पाचा तिसरा हिस्सा २,०००’. असा हिशेब दिसला की सहसा कोणी कापत नाही.

कंपन्यांकडे जायचं असेल तर सीएसआर-१ आधी. कंपनी कार्य मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा, पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं. नंबर ‘सीएसआर’ या अक्षरांनीच सुरू होतो. १२ए आणि ८०जी चालू असणं आणि तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव, या अटी तुम्ही पूर्ण करता. नाव मात्र पॅनशी जुळलेलं हवं, म्हणून ती दुरुस्ती आधी.

कोणाकडे जायचं ते असं शोधा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही असलं की मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, आणि कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय आणि जिल्हानिहाय खर्च दिसतो. तिथे नागपूर जिल्हा निवडा, शिक्षणावर खर्च केलेल्या कंपन्या वेगळ्या काढा. मग त्यातल्या प्रत्येकीच्या वेबसाइटवर जा. मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प तिथे टाकणं बंधनकारक आहे. गेल्या वर्षी कोणाला, कशासाठी दिलं ते वाचल्याशिवाय मेल पाठवू नका. डब्ल्यूसीएल (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या दोन्ही सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, पण त्यांचा कल खाणींच्या परिसराकडे असतो. आशीनगरच्या अभ्यासिकेसाठी पहिला दरवाजा म्हणून मी त्या धरणार नाही.

वेळ महत्त्वाची. कंपनीचा वार्षिक कृती आराखडा वर्षाच्या सुरुवातीला मंडळापुढे जातो, त्यामुळे नवीन संस्थेने जानेवारी-फेब्रुवारीत ओळख करून घ्यावी. मार्चच्या शेवटी ‘शिल्लक आहे, लगेच घ्या’ असा फोन आला तर हुरळू नका. ते का, ते खाली कोणी हिशेबाचं सांगणारा सांगेल.

आणि एक: कोणत्याही फाउंडेशनला पहिल्याच मेलमध्ये विचारा, ‘हा निधी देशांतर्गत आहे का?’ २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे देता येत नाही. तुमच्याकडे एफसीआरए नाही, म्हणजे तो दरवाजा पूर्ण बंद. तीन महिने प्रस्ताव लिहून शेवटी हे कळण्यात अर्थ नाही.

कळमन्याचा_मास्तर

कन्सेप्ट नोटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

दोन पानांतलं पहिलं अर्धं पान तुमच्या वस्तीचं, देशाचं नाही. ‘भारतात शिक्षणाची स्थिती चिंताजनक आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दिवशी वीस वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी मुलं मोजा. अर्ज टाकायच्या आधी दोन्ही वस्त्यांतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांची असरच्या (मुलांच्या वाचन-गणिताचं देशभरचं सर्वेक्षण) साधनाने चाचणी घ्या. वाचनाचे पाच स्तर: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात अंकओळख, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला ७-८ मिनिटं लागतात, मूल एकटं समोर बसलेलं हवं, आई किंवा मोठा भाऊ शेजारी असला की तो कानात सांगतो. ६० मुलं चार माणसांत दोन संध्याकाळी होतात. समाजकार्याची कॉलेजं नागपुरात आहेत, मातृसेवा संघाची संस्था, तिरपुडे कॉलेज. क्षेत्रकार्याचे विद्यार्थी पत्र देऊन मागता येतात. त्यांना चाचणीची अर्ध्या दिवसाची तालीम मात्र द्या, नाहीतर एक जण अडखळत वाचणाऱ्याला ‘परिच्छेद’ देतो आणि दुसरा ‘शब्द’.

मग वाक्य असं होतं: ‘चौथीतल्या इतक्या मुलांपैकी इतकी अजून शब्दावर आहेत.’ आकडा तुमचा, वस्ती तुमची. या एका तक्त्यावर पुढची नोट चालते.

उद्दिष्टही त्याच पट्टीवर लिहा. ‘मुलांचा सर्वांगीण विकास’ मोजता येत नाही. ‘जुलैत शब्द किंवा त्याखाली असलेल्या मुलांपैकी निम्मी मार्चपर्यंत परिच्छेद वाचतील’ हे मोजता येतं. १०० टक्के लिहू नका. वस्तीतली कुटुंबं कामासाठी घर बदलतात, दरवर्षी काही मुलं सुटतात, काही मध्येच येतात. ती गळती गृहीत धरली आहे असं लिहा आणि मधे आलेल्या मुलांची वेगळी यादी ठेवणार हेही. असं लिहिणाऱ्याने काम केलेलं आहे हे वाचणाऱ्याला कळतं.

जवळची महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा कोणती, तिच्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे का, हे दोन ओळींत असू द्या. निपुण भारत ही लहान मुलांचं वाचन-गणित पक्कं करण्याची सरकारी मोहीम २०२१ पासून सुरू आहे, त्यामुळे ‘शाळा हेच करते, मग तुम्ही कशाला?’ हा प्रश्न येणारच. उत्तर तयार हवं: शाळेत जे शिकवलं त्याचा सराव घरी करून घेणारं कोणी नाही, अभ्यासिका तो रोज करून घेते.

फोटो दोनच, आणि मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

हिशेब_बरोबर

मार्चचा मुद्दा आणि पैसा आल्यानंतरचं थोडं.

१२ए असलेल्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्च करायची असते. २८ मार्चला ३ लाख खात्यात आले तर ते तीन दिवसांत खर्च होणार नाहीत. अशा वेळी फॉर्म ९ए (माझ्या पोस्टमधले फॉर्म नंबर जुन्या कायद्यातले आहेत) भरून तो खर्च पुढे करण्याचा पर्याय घेता येतो, किंवा फॉर्म १० भरून ठरावासह ५ वर्षांपर्यंत जमा ठेवता येतो. पण दोन्ही रिटर्नच्या मुदतीच्या आधी भरायचे, आणि ठरावात उद्देश स्पष्ट लिहायचा. ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ एवढंच लिहून भागत नाही. म्हणून मार्चचा पैसा घेण्याआधी सीएला फोन करा. जमत असेल तर फाउंडेशनला हप्ता एप्रिलमध्ये टाकायला सांगा. विचारायला संकोच नको.

करारावर सही करण्याआधी तीन कलमं वाचा. हप्ते कधी आणि कशावर. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात किती टक्के वळवता येतं (बहुतेक ठिकाणी १० टक्के, पण लेखी पाहा). आणि शिल्लक परत करायची की पुढे न्यायची. पहिला हप्ता ४०-५० टक्के असतो, दुसरा उपयोगिता प्रमाणपत्रावर. ते प्रमाणपत्र सीएच्या सहीचं आणि यूडीआयएन क्रमांकाचं (सीएने सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) लागतं. सीए ते चार दिवसांत देऊ शकेल, जर वही महिन्याच्या महिन्याला लिहिलेली असेल. हप्ता अडतो तो बहुतेक इथेच, आणि मग दोन महिने शिक्षिकांचं मानधन थांबतं.

वहीत या प्रकल्पाचं वेगळं खातं ठेवा आणि खात्यांची नावं बजेटमधल्या ओळींचीच द्या, शब्दश: तीच. बजेटात ‘वाचनाची पुस्तकं’ आणि वहीत ‘स्टेशनरी’ असलं की वर्षाअखेरीस सगळी बिलं पुन्हा लावत बसावं लागतं. प्रत्येक बिलावर प्रकल्पाच्या नावाचा शिक्का मारा, म्हणजे तेच बिल दुसऱ्या देणगीदाराला दाखवल्याची शंका राहत नाही. एका माणसाला एका दिवशी १०,००० च्या वर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरला जात नाही. मानधन बँकेतूनच. समन्वयकाच्या पगारावर व्यवसाय कर लागतो, महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत सूट आहे, पुरुषाला १०,००० च्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००.

देणगीदाराची नोंद फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत, तिथे ‘स्पेसिफिक ग्रँट’ हा पर्याय निवडायचा, मग त्यांना १०बीई प्रमाणपत्र. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. फाउंडेशनचा पॅन कराराच्या दिवशीच मागून घ्या, मे महिन्यात कोणी फोन उचलत नाही.

अभ्यासिका_आशीनगर

शेवटची शंका. आमचे कोषाध्यक्ष गेल्या वर्षी वारले. नवीन कोषाध्यक्षांचा चेंज रिपोर्ट वेळेत दिला आहे, पण आदेश अजून झालेला नाही. शेड्यूल-१ वर वारलेल्या कोषाध्यक्षांचंच नाव आहे. आदेश येईपर्यंत थांबायचं का?

एफ_नंबर

थांबू नका ताई. अर्जासोबत हे पाच कागद एकत्र पिन करून द्या: चेंज रिपोर्टची प्रत, त्यावर धर्मादाय कार्यालयाचा आवक शिक्का आणि प्रकरण क्रमांक दिसला पाहिजे; कोषाध्यक्षांचा मृत्यू दाखला; नवीन निवडीच्या सभेची नोटीस आणि इतिवृत्त; अध्यक्ष-सचिवांच्या सहीची आजची कार्यकारिणी यादी; आणि बँकेचं पत्र की आता सही कोणाकोणाची चालते. बँकेत अजून त्यांचीच सही असेल तर ते मात्र अर्जाआधी ठरावाने बदलून घ्या.

आणि हे त्यांनी विचारायची वाट पाहू नका. प्रस्तावाच्या सोबतच्या पत्रात दोन ओळी लिहा: शेड्यूल-१ वर अमुक नाव का आहे, रिपोर्ट कोणत्या तारखेला दिला, क्रमांक काय. पुढची तारीख लागली की उताऱ्याची प्रत पाठवू, असंही लिहा, आणि खरंच पाठवा.